चंद्रावरची सकाळ, आमच्या परसातून

रविवार, ५ जानेवारी २०२५, पौष शुद्ध षष्ठी. संध्याकाळी साडेपाचला मी दुर्बीण परसात आणून ठेवली, तेव्हा आंब्याच्या शेंड्यावर अजून ऊन होते. इतक्या लवकर कशाला, असे आईने विचारले आणि दर वेळेप्रमाणे मी तिला सांगितले की आरशाला गार व्हायला वेळ लागतो. दिवसभर खोलीत राहिलेला काचेचा जाड आरसा थंडीत बाहेर आणला की त्याच्या पृष्ठभागावरून उबदार हवेचे लोट नळीत चढत राहतात, आणि ते थांबेपर्यंत कोणताही ग्रह पाहिला तरी तो वाहत्या ओढ्याच्या तळाशी दिसणाऱ्या गोट्यासारखा डळमळत राहतो. घाईने झाकण काढून आकाशाकडे वळवलेल्या दुर्बिणीने निराश झालेली पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या दुर्बिणीत काहीही दोष नव्हता.

ही दुर्बीण सहा इंची आहे, म्हणजे मुख्य आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचे अंतर, १२०० मिलिमीटर. आरसा मी पुण्यातल्या एका शिबिरात स्वतः घासला आहे. काचेच्या दोन तबकड्यांमध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, पिंपाभोवती पावलापावलाने फिरत वरची तबकडी खालचीवर पुढेमागे घासत राहायचे. दिवसांमागून दिवस गेले की वरची तबकडी खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते आणि शेवटी काच पारदर्शक व्हायला लागते, तो दिवस मी विसरणार नाही. बैठक गावातल्या सुतारकाकांनी प्लायवुडची करून दिली. तिला मोटर नाही, त्यामुळे तारा निसटू लागला की नळी हाताने हळूच ढकलावी लागते.

आमचे घर वाईजवळच्या खेड्यात आहे. गच्ची असताना परसात का, हेही लोक विचारतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते परत सोडत राहतो. त्या गरम हवेतून पाहिलेला गुरू कधीच स्थिर होत नाही. मातीचे परस लवकर निवते. जानेवारीत आमच्याकडे गुऱ्हाळांचा धूर असतो, पण तो संध्याकाळी खाली बसतो आणि डोक्यावरचे आकाश बरेचसे मोकळे राहते. राहता राहिला गल्लीतला दिवा. त्याचा पांढरा झोत थेट परसात येतो, म्हणून मी कपडे वाळत घालायच्या दोरीवर आजीची गोधडी टाकते आणि तिच्या सावलीत दुर्बीण ठेवते. अंधाराला सरावलेला डोळा एकदा उजेडाने दिपला की पुन्हा सरावायला पंधरावीस मिनिटे जातात. चंद्र आणि ग्रह तेजस्वी असल्याने त्यांच्यासाठी हे फारसे आवश्यक नाही हे खरे, तरी दिवा डोळ्यात येत असताना डोळा लावायच्या भिंगातले बारकावे हरवतातच.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर ग्रहांच्या परेडचा निरोप फिरत होता. ग्रह एका रांगेत उभे राहणार, असे दृश्य पुन्हा दिसणार नाही, वगैरे. त्यामुळे मी न बोलावताही सातआठ माणसे जमली आणि मला त्याचा आनंदच झाला. मी त्यांना एवढेच सांगितले की ग्रह आकाशात एका पट्ट्यातच असतात, कारण सूर्याभोवती ते जवळजवळ एकाच सपाटीत फिरतात. सूर्य ज्या वाटेने वर्षभर राशींतून जातो, त्याच वाटेच्या आसपास चंद्र आणि ग्रहही चालतात. त्या संध्याकाळी विशेष होते ते असे की शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ हे चारही निजायच्या वेळेपूर्वी पाहता येत होते. पश्चिमेला खाली शुक्र, त्याच्या वर शनी, आणखी वर चंद्र. आदल्या संध्याकाळी हाच चंद्र शनीच्या शेजारी होता आणि एका दिवसात तो केवढा पुढे सरकला, हे दुर्बिणीवाचूनच दिसत होते.

भिंगाशी येणाऱ्या प्रत्येकाकडे माझा एक आग्रह असतो, आणि तो मी पाहुण्यांनाही सोडत नाही: निदान दोन मिनिटे तिथून हलायचे नाही. माणूस डोळा लावतो, ‘हो, दिसला’ म्हणतो आणि बाजूला होतो. त्याला खरे तर काहीच दिसलेले नसते. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते, आणि तिच्यातून येणारे चित्र बहुतेक वेळ विस्कटलेले असते. मग मध्येच, अर्धा सेकंद, फार तर एक सेकंद, सगळे थांबते आणि कोरीव रेषा उमटतात. त्या क्षणी डोळा भिंगाशी असेल तरच ते मिळते. शिवाय डोळ्याला काय शोधायचे हे कळायलाही वेळ लागतो.

शुक्र मी उजेड पुरता मावळण्यापूर्वीच दाखवला. काळोख झाल्यावर तो इतका प्रखर होतो की त्याचा आकार चकाकीत बुडून जातो. निळसर आकाशात मात्र तो शांत दिसतो. १० जानेवारीला तो सूर्यापासून जास्तीत जास्त, म्हणजे सुमारे ४७ अंश दूर जाणार होता, आणि त्या सुमारास तो दुर्बिणीतून अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा दिसतो. हा चंद्रच आहे का, असे दोघांनी विचारले. शुक्राला कला असतात आणि त्या सगळ्या दिसतात, यावरून तो सूर्याभोवती फिरतो हे गॅलिलिओच्या लक्षात आले होते, एवढे सांगून मी नळी चंद्राकडे वळवली. शुक्राच्या ढगांवर माझ्या दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, त्यामुळे तिथे अधिक थांबण्यासारखे नव्हते.

चंद्राजवळ मात्र आम्ही तासभर थांबलो.

पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहायला निरस असतो. सूर्य चंद्रभूमीवर डोक्यावर आलेला असतो, सावल्या नसतात, आणि सावल्यांवाचून डोंगर व खड्डा सारखेच पांढरे दिसतात. पाहायचा तो उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचा पट्टा, कारण तिथे सूर्य नुकता उगवत असतो. षष्ठीला ही सीमा अशा ठिकाणी येते की तीन मोठी विवरे एकाखाली एक ऐन पहाटेत सापडतात: थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे. त्याचे काठ अजून धारदार आहेत, आतल्या भिंती पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि मधोमध उभ्या असलेल्या पर्वताच्या शिखरांवर ऊन पडलेले असताना तळाचा मोठा भाग काळाशार असतो. त्याने शेजारच्या सिरिलसचा काठ चक्क खाल्लेला दिसतो, म्हणजे सिरिलस आधीचा आणि थिओफिलस नंतरचा. कॅथरिनाचे काठ तर इतके झिजले आहेत की ती तिन्हींत सर्वांत जुनी असावी हे सांगावे लागत नाही. ओल्या सारवलेल्या अंगणात एकावर एक उमटलेली पावले पाहून कोण आधी गेले ते ओळखावे, तसे इथे ओळखता येते. त्यांच्या दक्षिणेकडून अल्ताईचा कडा चारशेहून अधिक किलोमीटर वळसा घेत जातो, आणि उगवतीचे ऊन समोरून आल्यामुळे तो त्या संध्याकाळी चांदीच्या तारेसारखा चमकत होता.

माझी भाची सहावीत आहे. तिला मी पाहिलेले कागदावर काढायला लावते. सुंदर चित्र यावे म्हणून नव्हे, तर हात चालू लागला की डोळा आपोआप नेमका पाहू लागतो म्हणून. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधून दिला, वही मांडीवर आणि पेन्सिल हातात. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, दक्षिण वर आणि उत्तर खाली. ते सुलटे करत बसायचे नाही, दिसते तसेच काढायचे, एवढेच तिला सांगितले. १० मिलिमीटरचे भिंग लावले होते, म्हणजे १२०० भागिले १०, १२० पट मोठे. चंद्र अख्खा मावत नव्हता, आणि पृथ्वीच्या फिरण्याने तो दीडपावणेदोन मिनिटांत भिंगातून निसटत होता. मी नळी सरकवत होते आणि ती काढत होती. साडेसातला तिने चित्राखाली वेळ लिहिली.

आठच्या सुमारास ती म्हणाली, “आत्या, इथे एक ठिपका आलाय. मघाशी नव्हता.”

मी पाहिले. उजेडाच्या सीमेपलीकडे, काळोखात, सगळ्यांपासून सुटा असा एक प्रकाशाचा कण होता. टाचणीच्या डोक्याहून लहान, पण स्थिर. पायथा रात्रीत असताना एखाद्या उंच जागेच्या माथ्याला पहिले ऊन लागले होते. ती जागा कोणती, हे मी नकाशात शोधत बसले नाही. मला तो क्षण तिच्या नजरेतून जाऊ द्यायचा नव्हता. चंद्र स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की त्याच्या विषुववृत्तावर सूर्योदयाची सीमा ताशी साधारण १५ किलोमीटर वेगाने सरकते. म्हणजे सायकलवर बसलेला माणूस तिथे पहाटेच्या बरोबरीने जाऊ शकेल. पृथ्वीवर हेच करायचे तर ताशी १६०० किलोमीटरहून अधिक वेग लागतो. भाचीने हे ऐकून घेतले, मग ठिपका काढला आणि त्याच्या शेजारी ‘८.०५’ असे लिहिले.

शेजारच्या मुलांना झेंडा पाहायचा होता. अपोलो ११ जिथे उतरले तो शांतिसागराचा नैऋत्य भाग थिओफिलसच्या उत्तरेला, नुकताच उजेडात आलेला होता. जागा दाखवता आली, पण झेंडा कोणत्याच दुर्बिणीतून इथून दिसत नाही. माझ्या आरशातून चंद्रावरची दीड किलोमीटरहून लहान वस्तू वेगळी ओळखू येत नाही. मग त्यांनी विक्रम विचारला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चे ते अवतरक जिथे उतरले, तो भाग ६९ अंश दक्षिणेला, मँझिनस विवराच्या जवळ आहे. चंद्राच्या कडेला असल्यामुळे तिथली विवरे चपटी, एकमेकांवर रेललेली दिसतात. त्या संध्याकाळी तिथेही ऊन पोहोचले होते. त्या दाटीत एक जागा बोटाने दाखवता येत नाही, पण वरच्या कडेजवळच्या खडबडीत पट्ट्यात आपले यान उभे आहे एवढ्या सांगण्यावर तीनही मुले आळीपाळीने, कुणी न सांगता, दोन मिनिटांहून अधिक थांबली.

शनी सव्वाआठला दाखवला. त्याआधी शेजारच्या माई आल्या होत्या. त्यांचे वय ७८, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. त्या दर शनिवारी न चुकता देवळात तेल वाहून येतात, आणि शनी पाहायचा म्हटल्यावर आधी थोड्या बिचकल्या. त्यांना स्टुलावर बसवले, नळीचे भिंगाचे तोंड त्यांच्या उंचीला आणले आणि सांगितले, “माई, डोळा टेकवू नका, बोटभर लांब ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते.” पहिल्यांदा त्यांना काळोखच दिसला, मग एक धावता ठिपका, मग त्या एकदम गप्प झाल्या.

“हा शनी?” त्या म्हणाल्या. “एवढा देखणा?”

ते कडे त्या रात्री सुईसारखे होते. शनीच्या कड्यांची पातळी आपल्या नजरेच्या रेषेत यायला आली होती. कल जेमतेम चार अंश उरला होता आणि २३ मार्चला तो शून्य होणार होता. तेव्हा शनी सूर्याच्या इतका जवळ असणार होता की ते दृश्य आपल्याला दिसण्यासारखे नव्हते, म्हणून जानेवारीतली ही बारीक रेघच आमच्या वाट्याची. कडी सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आहेत आणि त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही नाही. सपाटीतून पाहिली की ती नाहीशी होतात ती यामुळेच. हे दर तेरा ते सोळा वर्षांनी घडते. मागच्या वेळी, २००९ मध्ये, माझ्याकडे दुर्बीण नव्हती. १६१२ मध्ये गॅलिलिओला शनीच्या शेजारचे दोन गोल अचानक गायब झालेले दिसले आणि तो चक्रावून गेला; ते गोल नसून कडे आहे, हे डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्सने काही दशकांनी ओळखले. माईंना हे सांगत असताना त्या मध्येच म्हणत, “गेला गं परत,” आणि मी नळी सरकवत असे. चौथ्या वेळी त्यांनी डोळा न काढता विचारले, “हा पळतो, का आपण?” आपण, मी म्हणाले. त्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि स्टूलही सोडले नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्यांना मी खुणेने थांबवले.

गुरू तोपर्यंत जवळजवळ डोक्यावर आला होता. आमच्या अक्षांशावर त्या महिन्यात तो माथ्याच्या अगदी जवळून जात होता, आणि हवेसाठी यापेक्षा चांगले स्थान नाही, कारण वरून येणारा प्रकाश सर्वांत कमी हवेतून येतो. पण माझ्या बैठकीवर माथ्याजवळची वस्तू धरणे हे कष्टाचे काम आहे. नळी उभी झाल्यावर तिला बाजूला फिरवायला पकडच राहत नाही, आणि नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून पाहायला मान मोडते. रोहिणीच्या लालसर ताऱ्याजवळ तो सापडला आणि सगळे श्रम वसूल झाले. नऊनंतर वारा पडला होता. दोन ठळक तपकिरी पट्टे लगेच दिसले. मिनिटभरानंतर त्यांच्या कडा सरळ नसून खडबडीत आहेत हे दिसू लागले, आणि ध्रुवांकडे राखाडी छटा आली. गोल किंचित चपटा आहे, हेही लक्षपूर्वक पाहणाऱ्याला कळते. एवढा प्रचंड गोळा दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्याने त्याचे पोट पुढे आले आहे.

भाचीने गुरूचे वर्तुळ काढून शेजारचे चंद्र ठिपक्यांनी मांडले. तिला मी सांगितले की इटलीतल्या पाडुआमध्ये गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला हेच केले होते, आणि त्याला परवा बरोबर ४१५ वर्षे होतील. त्या रात्री त्याला तीन तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला होते, आणि चौथा त्याला १३ तारखेला सापडला. त्याने चित्रे काढली नसती तर ते सरकले हे त्याला कशावरून कळले असते? त्यांतला आयो हा चंद्र गुरूभोवतीची फेरी सुमारे साडेबेचाळीस तासांत पुरी करतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो साधारण पलीकडच्या बाजूला गेलेला असतो. सोमवारी शाळा सुटल्यावर पुन्हा येण्याचे तिने स्वतःहून ठरवले.

मंगळ पुनर्वसूच्या जोडीजवळ, पूर्वेला बराच वर आला होता. १२ जानेवारीला तो पृथ्वीपासून ९ कोटी ६० लाख किलोमीटरवर, म्हणजे या खेपेस सर्वांत जवळ येणार होता. मला २७ ऑगस्ट २००३ आठवतो. तेव्हा तो साडेपाच कोटींच्या थोडाच पलीकडे होता, आणि बाबांनी पावसाळी ढगांच्या फटीतून तो निखारा मला नुसत्या डोळ्यांनी दाखवला होता. दुर्बीण घ्यायचीच, हे मी त्या रात्री मनात धरले. बाबांनी ती पाहिली नाही. यंदाचा मंगळ त्या मानाने लहान, पण २४० पटींवर धीराने पाहिल्यावर केशरी चकतीच्या एका टोकाला पांढरा कण स्थिर झाला: उत्तर ध्रुवावरचा बर्फ. तो मला तिसऱ्या मिनिटाला दिसला. रांगेतल्या निम्म्या लोकांना दिसला नाही, आणि दिसला नाही असे त्यांनी सरळ सांगितले, हे मला आवडले. उगाच हो म्हणणाऱ्याला मी पुढच्या वेळी काय दाखवू?

सव्वादहाला बहुतेक मंडळी गेली होती. दवाने नळी ओली झाली होती, गोधडीही जड झाली होती. चंद्र पश्चिमेच्या डोंगरावर हातभर उरला होता आणि आंब्याची फांदी आड येत होती, म्हणून दोघींनी मिळून बैठक उचलून विहिरीकडे नेली. इतक्या खाली हवा खवळलेली असते. थिओफिलसच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या थरथरत होत्या. भाची स्टुलावर गुडघे टेकून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आत्या, ठिपका जमिनीला लागला.”

मघाचा सुटा कण आता सुटा नव्हता. त्याच्या आणि उजेडाच्या मधला काळोख संपला होता. कणाची एक छोटी रेघ झाली होती आणि ती मुख्य उजेडाला येऊन मिळाली होती. तिच्याही पलीकडे, नव्या अंधारात, आणखी दोन कण उठले होते. पहिल्या चित्रापासूनच्या पावणेतीन तासांत सकाळ तिथे चाळीसेक किलोमीटर पुढे सरकली होती, म्हणजे वाईहून साताऱ्याला जावे आणि थोडे पुढे जावे इतकी. भाचीने साडेसातच्या चित्राशेजारी नवे चित्र काढले, दोन्ही कण मोजून मांडले, खाली ‘१०.२०’ लिहिले आणि वही मिटण्याआधी विजेरीच्या लाल उजेडात दोन्ही पाने एकदा पाहून घेतली. मी आरशावर झाकण लावले, तेव्हा चंद्राचे खालचे टोक डोंगराला लागत होते.